खालचं बटन

लाईट गेली? जाऊ दे. येईल तेव्हा येईल. अख्खी नोकरी मी विजेच्या खांबावर काढली, मला घाई नाही तर तुम्हाला कशाला? लखन, तो मोबाईलचा उजेड खाली धर बे, डोळ्यात घुसतोय. आणि हनुमान, तू मघाशी हसलास ते मी बघितलं बरं का. कडब्याच्या खोलीतला दिवा मालवायच्या आधी मी आत तोंड घालून ओरडलो, "कोण हाय का रे आत?" तुला वाटलं, म्हातारं आता भिंतीशी बोलायला लागलं. हस बाबा. सटवाचं ते प्रकरण व्हायच्या आधी मीही हसलो असतो.

सटवा तुम्हाला शेळ्यांमागं फिरणारा माहीत. पण तीन-चार वर्षांमागं या दिंद्रुडात त्याच्यासारखा वायरमन नव्हता. भिंतीला कान लावून आतली वायर कुठं जळली ते सांगायचा, असं लोक म्हणायचे. त्यातलं निम्मं खोटं धरा. पण हात सफाईदार होता. तो धंदा त्यानं एका रात्रीत सोडला. पक्कड, टेस्टर, सगळं माझ्या ओट्यावर आणून टाकलं आणि म्हणाला, "हरिबातात्या, हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात नको." मग त्यानं सांगितलं. त्यानं सांगितलं तसं मी सांगतो. पदरचं घालत नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सटवाला गेवराईहून निरोप आला, की तळघराची लाईट फिटिंग करायची आहे, सामान घेऊन ये. बोलावणारे धोंडीराम. पंचायत समितीचे माजी सदस्य, बागायतदार, दारात कायम चार गाड्या. त्यांची बायको विजयमाला आपल्या दिंद्रुडची लेक. गेवराईत वायरमनचा दुष्काळ नव्हता, पण बाईला माहेरचं कुत्रंसुद्धा गोड लागतं म्हणतात ना, तसं. सटवा तिला आक्का म्हणायचा. मोटारसायकलला वायरीची बंडलं बांधून, गाणं म्हणत गेला बिचारा.

आता त्या घराचं सांगतो. धोंडीरामांना एकच पोरगा, सुरज. पोलीस भरती, तलाठी भरती, जी निघेल तिचा अभ्यास करायचा. वर कार्यकर्त्यांचा बाजार भरलेला, म्हणून पोरगा तळघरात बसायचा. तिथंच टेबल, तिथंच खाट. मोबाईलनं लक्ष जातं म्हणून तो आईजवळ वर ठेवायचा. आदल्या साली परतीच्या पावसात ओढा फुगला, पाणी गल्लीत शिरलं, आणि रस्त्याकडच्या झरोक्यातून रातोरात तळघर भरलं. सुरज खालीच होता. सकाळी पाणी उपसलं तेव्हा सापडला. जिन्यापाशी नाही, पार पलीकडच्या कोपऱ्यात.

"झोपेतच गेला. त्याला कळलंबी न्हाई," असं धोंडीरामांनी बायकोला सांगितलं. आक्कानं त्या एका वाक्यावर वर्ष काढलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. माझ्या लेकराला कळलं नाही. भाकरीच्या आधारानं माणूस जगतं तशी ती त्या वाक्यावर जगली.

तिच्याच मनात आलं, की तळघर नीट करून तिथं अभ्यासिका काढायची. सुरजच्या नावानं. ज्यांच्या घरी बसायला जागा नाही अशा पोरांसाठी. दिवाळीच्या पाडव्याला उघडायची.

सटवा पोचला त्या दिवशी धोंडीराम त्याला खाली घेऊन गेले. नवा गिलावा झालेला, भिंतींना पांढरी पुट्टी. सटवानं खडूनं खुणा करायला सुरुवात केली. प्रत्येक टेबलावर एक दिवा, टेबलागणिक एक प्लग, तोही छातीच्या वर, पुन्हा पाणी आलंच तर बुडू नये म्हणून. मागं हवा ओढणारा पंखा. धोंडीराम सगळ्याला मान डोलवत होते. मग सटवा जिन्यातल्या दिव्यापाशी आला; आधी सगळ्या तळघराला तो एकच दिवा होता.

"ह्या दिव्याचं बटन वर जिन्याच्या तोंडाला हायच जुनं. ते तसंच ठिवू."

"वर बटन नको."

"मंग पोरं अंधारात उतरत्याल का मालक?"

"उतरू दे. ते जुनं बटन काढ आन् खाली बसव. हितं."

"टू-वे करू की. वरून लावा, खालून मालवा. खालून लावा, वरून मालवा."

"वरून मालवायचं न्हाई!" धोंडीराम एवढ्या जोरात ओरडले की सटवाच्या हातातला खडू पडला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वरून कुणालाच बंद करता येऊ ने सटवा. जो खाली बसलाय, बटन त्याच्या हाताखाली पायजे. कळलं का?"

सटवा हो म्हणाला. पण कारागिराचं डोकं कसं असतं? मालकाला वायरीतलं काय कळतंय. जिन्याला वर बटन नाही ठेवलं आणि उद्या एखादं पोरगं अंधारात गडगडलं तर नाव कुणाचं जाणार? वायरमनचं. त्यानं ठरवलं, खाली तर बसवूच, पण वरचंही राहू द्यायचं. मालकांना मागून समजावू. माणूस चांगल्यासाठीच करतो हो. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा खाली उतरला तर पलीकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्या पुट्टीवर, छातीएवढ्या उंचीला चार बोटांचे ओघळ. चिखलाचे. रंगवाल्यांचं काम असेल म्हणून त्यानं ओल्या फडक्यानं पुसले.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. पण त्याच जागी नाहीत. कोपऱ्यापासून हातभर इकडं.

सटवानं रंगवाल्यांना शिव्या घातल्या. ते म्हणाले, आम्ही दोन दिवस झाले आलोच नाही. पुसले.

आणखी एका दिवसानं अजून इकडं सरकलेले.

आंधळा माणूस भिंत चाचपत चालतो ना... तसे. रोज थोडे पुढं. सगळे एकाच उंचीला. आणि रोख जिन्याकडं.

सटवा कुणाला बोलला नाही. आक्काला काय सांगणार? पोरगं गेलेल्या आईला असलं काही सांगायचं असतं का? तो फक्त अंधार पडायच्या आधी वर यायला लागला.

असं करत धनत्रयोदशी आली. शनिवार होता. घरात दिवाळी अशी नव्हतीच, पण आक्कानं यमदीपाचं मात्र सोडलं नव्हतं. तुमच्या आयाही लावतात. कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडं तोंड करून. एरवी दक्षिणेकडं दिव्याचं तोंड आपण करत नाही, त्या एका रात्री करतो. कशासाठी? घरात अकाली मरण येऊ नये म्हणून. आक्काच्या सासरी त्यात आणखी एक रीत होती. दिवा लावून निघाल्यापासून देवघरात परत येईपर्यंत बाईनं तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागं वळून बघायचं नाही. सासूनं लावलेली रीत. हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी सटवानं खालच्या बटनाची डबी भिंतीत बसवली. पत्र्याची कोरी डबी, त्यावर पांढरं बटन, स्क्रू आवळले. आतल्या वायरींच्या टोकांना मात्र नुसती टेप गुंडाळून ठेवली. जोडणं उद्यावर टाकलं. सणाचा दिवस, घरी बायको वाट बघत होती. जिन्याचा दिवा तोवर वरच्या जुन्या बटनावरच चालत होता. समजलं का? खालचं बटन दिसायला बटन, पण मेलेलं. दाबलं तर नुसता आवाज.

आणि त्या दिवशीचे ओघळ... नव्या बटनापासून वीतभर अंतरावर आले होते.

सटवानं ते बघितलं आणि पिशवी उचलली. वर आला. बटन बंद केलं. पिशवी गाडीला अडकवली आणि आक्काला "येतो" म्हणायला परत ओसरीत आला.

जिन्यातून उजेड येत होता.

आपणच विसरलो, असं म्हणत त्यानं पुन्हा बंद केला. पाठ वळवली.

खालून आवाज आला. टक.

आणि दिवा लागला.

वरचं बटन बंदच. सटवाचा हात अजून त्याच्याजवळच. खालचं बटन... ज्याला वायरच नाही... ते कुणीतरी दाबलं होतं. आणि त्यानं दिवा लागला होता.

लखन, ऐकतोस ना? ऐक.

त्याच्या मागं कुणीतरी उभं होतं. सटवा दचकून वळला. धोंडीराम होते. दिव्याकडंच बघत होते. वरचं बटन तिथंच असल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"खाली बटन बसवलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसवलं मालक."

खोटं होतं का ते? खोटंही नाही आणि खरंही नाही.

धोंडीराम भिंतीला टेकून खाली बसले. एवढा दांडगा माणूस. म्हणाले, "त्या रात्री मी झोपायला निघालतो. हितून बघितलं तर खाली लाईट चालू. मला वाटलं, पोरगं दोस्ताकडं गेलं आन् दिवा तसाच सोडून गेलं. आपल्या घरात सारखं तेच, सटवा. म्हणलं, ह्यांला उजेडाची किंमत न्हाई. आन् बंद केली. हाक बी मारली न्हाई. खाली उतरून बघितलं बी न्हाई. पुस्तकावर डोकं ठिवून झोपलं आसंल लेकरू. मागून पाणी आलं... त्याला जिनाच घावला न्हाई. खाली बटन न्हवतं. वर होतं. माझ्या हाताखाली."

मग म्हणाले, "तुझ्या आक्काला म्हाईत न्हाई. तिला कळलं तर ती जगायची न्हाई. सांगू नको."

सटवाला ती डबी आठवली. टेप गुंडाळलेली टोकं आठवली. ह्या माणसाला आपण "बसवलं" म्हणून सांगितलं...

धोंडीराम उठले. "बघ, त्यानं लावली. त्याला घावलं बटन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि सटवा म्हणतो, तोंडावर हसूही होतं. "सुरज... बाळा... मी येतो रे."

आणि ते जिना उतरायला लागले.

थांबा मालक, ते चालू नाही, एवढं म्हणायचं होतं. सटवाची जीभ उचलली नाही. लाज वाटली, भीती वाटली, काय ते त्यालाच ठाऊक. त्याला एकच सुचलं. आत्ताच्या आत्ता वायर जोडून द्यायची. तो पक्कड आणायला बाहेर गाडीकडं पळाला.

तेवढ्यात आक्का परसात यमदीप ठेवून आत आली.

हातात रिकामं ताट. तोंड मिटलेलं. मागं वळून बघायचं नाही. तिनं बघितलं, जिन्यात दिवा जळतोय. वर कुणी नाही. सटवा तर गेलेला दिसतोय. आणि मालक आता ओरडतील, पुन्हा लाईट चालू. लग्न झाल्यापासून तिनं तेच ऐकलं होतं, दिवा मालवत जा. एरवी ती हाक मारायची, आत कोण आहे का म्हणून. तिची सवयच होती. पण त्या रात्री बोलायचं नव्हतं.

तिनं बटन दाबलं. सटवानं ठेवलेलं, वरचं. ते आधीच बंद होतं, तरी दिवा विझला; मालकांनी सांगितल्याप्रमाणं सटवानं ते काढलं असतं तर विझलाच नसता.

अंधार.

सटवा पिशवीत हात घालून पक्कड शोधत होता. बाहेर शांत. आणि आतून... भिंतीतून...

टक.

टक.

टक टक.

टक टक टक टक टक...

खाली कुणीतरी ते मेलेलं बटन दाबत होतं. पुन्हा पुन्हा. जीव तोडून.

मघाशी ज्या हातानं दाबलं, त्या हाताला दिवा लागला होता. ह्या हाताला लागत नव्हता.

सटवा धावला. जिन्याच्या तोंडाला आक्का उभी. एका हातात ताट, दुसरा हात ओठांवर... मला बोलायचं नाही. अजून देवघर यायचं होतं.

खालचा आवाज थांबला.

सटवानं तिला बाजूला सारून बटन दाबलं. लाईट लागली. एका दमात लागली. पक्कड शोधायला लागला तेवढाच अंधार झाला होता हो. विडी शिलगवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

धोंडीराम खालच्या बटनापाशी गुडघ्यांवर बसलेले. कपाळ भिंतीला. अंगठा बटनावर तसाच.

अंगावरचे कपडे चिंब. डोक्यावरून पाणी ओघळत होतं. धोतराच्या सोग्यातून, बंडीतून, मिशीतून. आणि खाली फरशीवर सिमेंटची धूळ... कोरडी ठाक.

डोळे उघडे होते. माणूस गेलेला होता.

आक्काच्या हातातलं ताट पडलं. तिनं रीत मोडली. एवढंच म्हणाली, "मी... मीच बंद केली की रे लाईट."

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कपडे कशानं भिजले? लोक म्हणाले, घाम. एवढा घाम येतो का बे माणसाला? पण मयताच्या घरी कोण वाद घालत बसतंय.

तिसऱ्या दिवशी सावडणं झाल्यावर सटवा मला घेऊन गेला. म्हणाला, "तात्या, मी येडा झालो का काय ते तुमी बघून सांगा." आम्ही दोघं खाली उतरलो. मी माझ्या हातानं त्या बटनाचे स्क्रू काढले. पट्टी ओढली तर निघेना. जोर लावला तेव्हा निघाली. ती कोरी पत्र्याची डबी गाळानं गच्च भरली होती. ओल्या गाळानं. ओढ्याचा वास येत होता. मी बोटानं उकरत उकरत आत गेलो, तर वायरींची टोकं सापडली. सटवाची टेप जशीच्या तशी. कुणी सोडलेली नाही, कुणी जोडलेली नाही.

वर आलो तर आक्का जिन्याच्या तोंडाला बसलेली. सटवाला म्हणाली, "सटवा, मालक त्या वक्ताला खाली काऊन गेलते रे? तुला काय म्हणले का?"

सटवानं माझ्याकडं बघितलं. काय सांगणार? तुझ्या नवऱ्यानं असंच बटन दाबून पोराचा जीव घेतला, आणि तू त्याचा? पोरगं झोपेत गेलं, एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उरलेली. ती काढून घ्यायची? आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर म्हणणार, माझा नवरा काही कारण नसताना मेला, आणि मीच मारला. इकडं आड, तिकडं विहीर. मी हा विचार लई रात्री केला पोरांनो. मला त्यातून वाट सापडली नाही.

सटवा म्हणाला, "फिटिंग बघायला गेलते आक्का."

अभ्यासिका झालीच नाही. आक्कानं वरचं बटन उपटून टाकायला लावलं, जिन्याचा दिवा थेट जोडून घेतला. आता तो मालवताच येत नाही. लाईट गेली, आत्ता गेली तशी, की ती जिन्यात तोंड घालून अंधाराशी बोलत बसते. आले रे, आले. थोडं दम धरा. दोघांना म्हणते. लाईट आली की गप्प होते. तिला भेटायला कुणी जात नाही. मीही आता जात नाही.

शेवटचा गेलो तो भर वैशाखात. गेवराईकडं टँकर चालू होते, विहिरींचे तळ फाटले होते, ओढ्यात धूळ उडत होती. ती डबी आम्ही तेव्हाच काढून टाकली होती. गवंड्यानं ते भगदाड सिमेंटनं बुजवलं, वरून पुट्टी मारली, रंग दिला. कपिलधारच्या देवाचा अंगाराही लावला कुणीतरी. आक्का म्हणाली, बघून या. मी उतरलो.

सगळी भिंत खडखडीत वाळलेली. टिचकी मारली तर वाजेल अशी.

बटन होतं तेवढाच चौकोन ओला होता.

मी त्यावर तळहात ठेवला. गार लागला. हात उचलला, तर भिंतीवर माझ्या पंजाच्या शेजारी आणखी दोन अंगठे उमटलेले होते... ताजे... चिखलाचे.